साडेअकरा पौंड महिना

(मंडळाच्या कॅमडेनमधील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज बराचसा तसाच ठेवला आहे.)



मी आयटी कन्सल्टंट आहे. शिक्षण कम्प्युटर इंजिनिअरिंगचं. आजचा विषय मानसशास्त्र आणि कायदा यांचा, आणि या दोन्हींतली माझ्याकडे कुठलीही पदवी नाही. पण ज्या विषयातलं कालपर्यंत काही माहीत नव्हतं त्यावर आत्मविश्वासाने बोलणं हाच कन्सल्टंटचा धंदा असतो. फरक एवढाच, की आज मी बिल लावणार नाही.

कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. आपण दरवर्षी जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या गुणवंत मुलांना ढाल आणि पुस्तक देतो. ते चालू राहू दे. त्याच्या जोडीला मंडळाने विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी एक छोटासा निधी सुरू करावा, असं माझं म्हणणं आहे. विषयाची चौकट अशी: माणसामाणसांतलं वेगळेपण, म्हणजे रंग, भाषा, धर्म, जात, नाव, उच्चार, आणि त्या वेगळेपणामुळे न्यायालयात, दवाखान्यात, शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत माणसाच्या वाट्याला काय येतं. मन कसं चालतं हे मानसशास्त्र सांगतं, आणि त्या मनाने केलेल्या अन्यायाचं काय करायचं हे कायदा. या दोघांच्या बांधावर उभं राहून कुणा विद्यार्थ्याला काही मोजायचं असेल, तर त्याला थोडे पैसे द्यायचे. कल्पना माझी नाही. अमेरिकेत मानसशास्त्र आणि कायदा या विषयाची व्यावसायिक संघटना आहे, ती विद्यार्थ्यांना नेमकी अशीच छोटी अनुदानं देते.

‘डायव्हर्सिटी’ हा शब्द ऐकून तुमच्यापैकी काहींनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. तुमचा दोष नाही. वर्षातून एकदा ऑफिसात वीस स्लाइड्सचं ट्रेनिंग, शेवटी पाच प्रश्न, चार बरोबर आले की सर्टिफिकेट. त्यातून कुणी शहाणं झाल्याचं मी पाहिलेलं नाही. मी बोलतोय ते ट्रेनिंगबद्दल नाही, मोजमापाबद्दल.

आणि हे बोलायला कॅमडेनइतकी योग्य जागा लंडनमध्ये नाही. का, ते सांगतो.

बाबासाहेबांचं घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं आणि प्रिमरोज हिलच्या बाजूला चालत जायचं, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. पुढचं पुराण तुम्हाला ठाऊक आहे. राहत्या वस्तीत संग्रहालय चालवायला परवानगी लागते. ती मागाहून मागितली गेली. २०१८ मध्ये कॅमडेन कौन्सिलने नाकारली. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी अखेर परवानगी दिली. घर घेण्याआधी प्लॅनिंग परमिशनची चौकशी करावी, हे इथे मागच्या बाजूला एक्स्टेन्शन काढलेल्या कुठल्याही मराठी गृहस्थाने शासनाला फुकट सांगितलं असतं. असो.

मला त्या घराबद्दल बोलायचं नाही. त्या घरातल्या विद्यार्थ्याच्या जमाखर्चाबद्दल बोलायचं आहे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. रक्कम महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण वर्गांत बसला समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या, मानववंशशास्त्राच्या. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने एक निबंध वाचला. विषय: भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

हा निबंध आपल्याकडे पुष्कळदा नुसता वंदनीय म्हणून कपाटात ठेवला जातो. उघडून वाचा. इंजिनिअरला आवडेल असा आहे. एखादी यंत्रणा समोर ठेवावी आणि तिचा एकेक भाग सुटा करून दाखवावा, तसं केलंय. जातीचं मूळ लक्षण कोणतं? तर जातीतच लग्न. मग एखाद्या गटाला आतल्या आत लग्नं लावायची असतील तर स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीत राहायला हवी. नवरा किंवा बायको मागे राहिली की हिशेब बिघडतो. तो हिशेब जमवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा कशा उपयोगी पडल्या, हे त्यात क्रमाने येतं. आणि मग तो प्रश्न, की एका गटाने दार लावून घेतलं तर बाकीच्यांनी का लावलं? त्याचं उत्तर देताना तो विद्यार्थी कायद्याकडे किंवा धर्मग्रंथाकडे जात नाही, मानसशास्त्राकडे जातो. माणूस वरच्याची नक्कल करतो. फ्रेंच विचारवंत तार्द याने नक्कल कशी पसरते याचे नियम मांडले होते, ते त्याने जातीला लावून दाखवले. ज्याची प्रतिष्ठा जास्त त्याची नक्कल जास्त, जो जवळ त्याची नक्कल आधी. आणि काहींनी दार लावलं नाहीच, बाकीच्यांनी लावल्यामुळे ते बाहेर राहिले.

हा एका परदेशी विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर आहे, मंडळी. विविधता, मानसशास्त्र, आणि पुढे ज्याच्या हातून आपल्या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला त्याचा कायदा, सगळं एका शिष्यवृत्तीच्या पैशातून उगवलेलं.

आता पैसे संपल्यावर काय झालं तेही बघा. १९१६ च्या शरद ऋतूत ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांत परत येऊन पुरा करण्याची परवानगी तेवढी पदरात पडली. बडोद्याला नोकरी होती, पण गावात राहायला कुणी जागा देईना. ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, मी इथे पुन्हा सांगत नाही. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मधली तीन वर्षं गेली ती निव्वळ पैशांपायी. अशा तीन वर्षांत किती जणांचं शिक्षण कायमचं सुटत असेल, त्यांचं घर कुणी विकत घेत नाही.

शाहू महाराजांचं नाव आलं म्हणून आठवण करून देतो. १९०२ च्या जुलैत मागास वर्गांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. आपल्या मंडळींच्या विलायत-वारीतून निघालेलं इतकं दमदार काम दुसरं मला सापडलेलं नाही.

तर या दुसऱ्या मुक्कामात आंबेडकर दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत. ब्रिटिश म्युझियम आजच्या कॅमडेनमध्ये. ग्रेज इन कॅमडेनमध्ये. राहतं घर कॅमडेनमध्ये. एलएसई तेवढी हद्दीपलीकडे, वेस्टमिन्स्टरमध्ये.

आणि याच परिसरात, म्युझियमपासून चालत दहा मिनिटांवर, गॉवर स्ट्रीटवर, त्याच वर्षांत आणखी एका माणसाच्या पैशांवर संशोधन चाललं होतं. तो माणूस फ्रान्सिस गाल्टन. डार्विनचा मावस-आतेभाऊ म्हणा, जे नातं असेल ते. बुद्धिमान माणूस. आम्ही लोक डेटामध्ये ‘कोरिलेशन’ काढतो ना, ती कल्पना त्याची. पण त्याला वेड होतं चांगल्या आणि वाईट रक्ताच्या माणसांची प्रतवारी लावण्याचं. ‘युजेनिक्स’ हा शब्दच त्याने घडवला. १९०४ मध्ये त्याने लंडन विद्यापीठाला या विषयावरच्या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी पैसे दिले, आणि १९११ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात युनिव्हर्सिटी कॉलेजला म्हणजे यूसीएलला प्राध्यापकपदासाठी सुमारे ४५,००० पौंड ठेवले. त्या पदावर कार्ल पिअर्सन आले. पुढे १९३१ मध्ये त्याच कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झालेले सिरिल बर्ट हेही बुद्धी बव्हंशी जन्मजात असते असं मानणारे. या विचारांचा पगडा लंडनच्या शाळांवर किती होता, हे १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाहून आलेल्या शिक्षकाने एका छोट्या पुस्तिकेत दाखवलं. वेस्ट इंडियन मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत पाठवत होते, आणि ज्या चाचणीवरून ठरवत होते तीच गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या भाषेत आणि सवयींत बेतलेली होती. यूसीएलने २०१८ मध्ये आपल्या या इतिहासाची चौकशी बसवली, २०२० मध्ये गाल्टन आणि पिअर्सन यांची नावं इमारतींवरून काढली आणि २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

एकाच चौरस मैलात दोन प्रकारचा पैसा होता. एक पैसा प्रतवारी लावणाऱ्याला मिळाला. दुसरा, त्याहून फारच थोडा, प्रतवारीत तळाला टाकलेल्या माणसाला मिळाला, आणि ही प्रतवारी आली कुठून हे त्याने विचारलं. संशोधन निःपक्षपाती असतं असं आपण म्हणतो. उत्तर असेलही. पण प्रश्न कुणाला पडतो, आणि त्या प्रश्नाला पैसे कोण देतं, यात निःपक्षपाती काही नसतं.

आणखी एक उदाहरण देतो, कारण मानसशास्त्रातलं विद्यार्थ्याचं काम न्यायालयात पोचलं असं याहून स्वच्छ उदाहरण नाही. आंबेडकरांच्या नंतर वीसेक वर्षांनी त्याच कोलंबियात मेमी फिप्स क्लार्क नावाची कृष्णवर्णीय मुलगी पीएच.डी.ला आली. त्याआधी १९३८ च्या उन्हाळ्यात तिने वॉशिंग्टनमध्ये विल्यम ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत काम केलं होतं, तिथे वंशभेदाविरुद्ध खटले लढणाऱ्यांची ये-जा असे. तिचा एम.ए.चा प्रबंध होता कृष्णवर्णीय बालवाडीच्या मुलांना ‘मी’ची जाणीव कशी होते यावर. ते काम पुढे नेण्यासाठी तिला आणि तिचा नवरा केनेथ यांना रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली. ज्युलियस रोझेनवाल्ड हे सिअर्स या दुकानवाल्या कंपनीचे मालक. त्यांनी फंडालाच अट घातली होती की भांडवल साठवून बसायचं नाही, ठरावीक काळात सगळं खर्चून टाकायचं. १९४८ मध्ये तो फंड खर्चून संपला. मला ही अट फार आवडते. आपल्याकडच्या फिक्स्ड डिपॉझिटप्रेमी खजिनदारांना, आमच्या खजिनदारांची क्षमा मागून, ती मुद्दाम ऐकवतो.

त्या फेलोशिपच्या पैशातून क्लार्क दांपत्याने बाहुल्यांचा प्रयोग केला. चार बाहुल्या, सगळ्या सारख्या, रंग तेवढा वेगळा. २५३ कृष्णवर्णीय मुलांना विचारलं, तुला खेळायला कुठली आवडेल? सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली उचलली. मग विचारलं, यातली तुझ्यासारखी कुठली? काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला, त्यातल्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला आहे. गंमत म्हणजे मेमीचे कोलंबियातले मार्गदर्शक गॅरेट यांनी व्हर्जिनियातल्या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली, आणि ती खोडायला मेमी स्वतः साक्षीला उभी राहिली. गुरूविरुद्ध शिष्येची साक्ष.

पण एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. या प्रयोगात उत्तरेकडच्या, एकत्र शाळांत शिकणाऱ्या मुलांचा गोऱ्या बाहुलीकडे कल दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा जरा जास्तच होता. म्हणजे ‘वेगळ्या शाळेमुळे मूल असं होतं’ इतकं सरळ समीकरण त्या आकड्यांतून निघत नव्हतं. टीकाकारांनी ते दाखवलं, आणि ते बरोबर होतं. निकाल न्याय्य होता, पुरावा मात्र गुंतागुंतीचा होता. आपण पैसे दिले तरी आपल्याला हवं तेच उत्तर येईल असं नाही, हे आधीच पक्कं समजून पैसे द्यायचे.

याचं कॅमडेनमधलंच उदाहरण आहे. यूसीएलच्या कायदा विभागातल्या शेरिल थॉमस यांनी २०१० मध्ये इथल्या ज्यूरींवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे गोरे असलेले ज्यूरी बिगरगोऱ्या आरोपीवर अन्याय करतात का? बहुतेकांना वाटत होतं, करत असतील. खऱ्या ज्यूरींवर प्रयोग केले आणि तसं काही दिसलं नाही. पण दुसरंच काहीतरी सापडलं. न्यायाधीश तोंडी समजावतात तो कायदा फक्त ३१ टक्के ज्यूरींना पुरता कळत होता. लेखी सारांश हातात दिला की प्रमाण ४८ टक्क्यांवर गेलं. शोधायला गेलो गळती आणि सापडला शॉर्टसर्किट. टेस्टिंगमध्ये हे रोज होतं.

आता आपल्याकडे येतो.

२००९ मध्ये इथल्या सरकारने एक चाचणी करवून घेतली. ९८७ नोकऱ्यांसाठी २,९६१ अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव सारखाच, नावं तेवढी वेगळी. होकारार्थी उत्तर यायला गोऱ्या वाटणाऱ्या नावाला नऊ अर्ज करावे लागले, बाकीच्यांना सोळा. हे कळल्यावर आपण सगळे चिडतो, आणि चिडायलाच हवं. आता दुसरा अभ्यास. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी हाच प्रयोग भारतात केला, खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तरं पाठवून. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. यावेळी अर्ज निवडणारे आपलेच होते. सोळा आणि नऊचा आकडा आपण डिनर पार्टीत सांगतो, हा दुसरा आकडा सांगताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

मानसशास्त्राचं म्हणाल तर कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली, चक्रव्यूहातून वाट काढायची ती. जात न उच्चारता दिली तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत म्हणावा असा फरक नव्हता. मग सगळ्यांदेखत प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली, आणि दलित मुलांची सोडवलेली कोडी लक्षणीय घटली. मुलं तीच, कोडी तशीच. नुसतं मोठ्याने वाचलं.

या देशात जातीचा कायदा व्हावा का, यावर आपल्या समाजात किती वादळ झालं ते तुम्हाला आठवत असेल. २०१० मध्ये एका संशोधन संस्थेने सरकारसाठी अहवाल केला: भेदभाव होतो असे पुरावे आहेत, पण किती होतो ते सांगता येत नाही. २०१३ मध्ये संसदेने समानता कायद्यात जात घालण्याचं कलम मंजूर केलं. २०१४ मध्ये ‘तिर्की विरुद्ध चंडोक’ या खटल्यात अपील ट्रिब्युनल म्हणालं की ‘वांशिक मूळ’ या शब्दांत काही प्रसंगी जात बसू शकेल. २०१७ मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली, सोळा हजारांहून जास्त आली, आणि २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की कायदा करायचा नाही, न्यायालयं काय म्हणतील त्यावर सोडायचं. मी आज कुणाची बाजू घ्यायला उभा नाही. या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत आणि मला परत याच मंडळात यायचं आहे. पण इंजिनिअर म्हणून एवढंच दिसतं, की मतं सोळा हजार आणि मोजमाप जवळपास काहीच नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये असं असतं ते कसं संपतं, हे मला सांगायला नको.

सगळे प्रश्न इतके तापलेलेच असायला हवेत असंही नाही. आपल्या घरातला घ्या. वाईहून मुलाकडे राहायला आलेली एखादी आजी. वय ऐंशीच्या पुढे. विसरते म्हणून डॉक्टरकडे नेली. इथल्या इस्पितळांत वर्षानुवर्षं वापरली जाणारी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे, १९७२ पासूनची. त्यात विचारतात, पहिलं महायुद्ध कोणत्या साली सुरू झालं? गादीवर कोण आहे? आजीला पहिल्या महायुद्धाचं काय! तिला विचारा पानशेत कधी फुटलं. १२ जुलै १९६१, सकाळी कोण कुठे होतं, कुणाचे तांदूळ भिजले, सगळं सांगेल. पण गुण मिळणार महायुद्धाचे. सिडनीत २००४ मध्ये वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींच्या माणसांना चालेल अशी निराळी चाचणी बेतली गेली, ती आहे, पण ती आपल्या आजीपर्यंत पोचते का?

आणि हे फक्त डॉक्टरी नाही, कायद्याचं आहे. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याप्रमाणे प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकतो असंच धरून चालावं लागतं, आणि त्याला समजावण्याचे सगळे व्यवहार्य प्रयत्न केल्याशिवाय तो असमर्थ आहे असं ठरवता येत नाही. मराठी आजीशी मराठीत बोलणं हा व्यवहार्य प्रयत्न आहे की नाही? दुभाषा म्हणून सूनबाई बसली आणि प्रश्न घर विकण्याचाच असला, तर? दुभाष्यामार्फत दिलेली साक्ष ऐकणाऱ्याला कमी खरी वाटते का? यातला एकेक प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रबंध होऊ शकतो. विद्यार्थी आपल्याच घरात आहेत. ए-लेव्हलला गणिताच्या खालोखाल मुलं मानसशास्त्र घेतायत. आई-बापांना अजून वाटतं ती मेडिसिनला जागा मिळाली नाही म्हणून घेतायत.

मग सरकारी शिष्यवृत्त्या आहेत ना, असं मला कार्यकारिणीत विचारलं गेलं. आहेत. शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे, आणि त्यांवर आलेली मुलं इथे शिकतायत, त्यांतली काही आज इथे बसलीही आहेत. पण २०२२ मध्ये केंद्राने आपल्या योजनेच्या नियमांत एक ओळ घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, आणि भारतासंबंधीचं सामाजिक संशोधन यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे दलित, भटक्या-विमुक्त घरातल्या मुलाने परदेशात येऊन काहीही शिकावं, आपल्याला जिथून यावं लागलं तो समाज मात्र शिकू नये. ९ मे १९१६ चा तो निबंध या नियमात बसला नसता. हा नियम मला चुकीचा वाटतो, आणि हे बोलायला मला कुणाच्या राजकारणाची गरज नाही.

आता हिशेब. घरटी वर्षाला दहा पौंड धरा. दीडशे घरं आली तर पंधराशे पौंड. पाचशेची तीन अनुदानं. पाचशे पौंडांत काय होतं, असं म्हणाल. फी होत नाही, बरोबर. पण मानसशास्त्रातलं विद्यार्थ्याचं काम अडतं ते फार क्षुल्लक जागी. मुलाखतीला येणाऱ्याला बसभाडं आणि दहा पौंडांचं व्हाउचर. तासाभराची मराठी मुलाखत ऐकून उतरवायला चार-सहा तास लागतात, मग तिचं भाषांतर. लेस्टरला जायचं रेल्वेचं तिकीट. हे पैसे नसले की विद्यार्थी काय करतो? वर्गातल्या वीस मित्रांना प्रश्नावली वाटतो आणि त्यालाच ‘नमुना’ म्हणतो. म्हणून तर मानसशास्त्रातलं इतकं सगळं ज्ञान हे कॉलेजकुमारांबद्दलचं ज्ञान आहे.

नियम मी पाचच लिहिलेत, त्यातले दोन वाचतो, बाकी किरकोळ आहेत. पहिला: विद्यार्थी कुठल्याही जातीधर्माचा, मराठी असलाच पाहिजे असं नाही, पण त्याच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी हवी. दुसरा, आणि यावर कार्यकारिणीत पाऊण तास वाद झाला: निष्कर्ष छापण्याआधी मंडळाला दाखवायचे नाहीत. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, आपल्याच पैशाने आपलीच बदनामी झाली तर? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की निष्कर्ष आधी पाहायचे असतील तर तो निधी संशोधनाचा नाही, जाहिरातीचा. त्यासाठी वेगळं खातं उघडा. सयाजीरावांनी करार केला तो नोकरीचा केला, निबंधात काय लिहायचं याचा नाही.

मंडळ संस्कृतीसाठी आहे, त्यात हे कशाला, असंही विचारलं गेलं. गणपती, नाटक, हळदीकुंकू हे सगळं मला हवंच आहे. माझी मुलगी यंदा लेझीमच्या पहिल्या रांगेत होती, व्हिडिओ सगळ्यांना पाठवलाय, ज्यांना दोनदा आला त्यांची क्षमा मागतो. पण महात्मा फुल्यांपासून आगरकरांपर्यंत आपल्याच समाजाला अवघड प्रश्न विचारणं हीसुद्धा मराठी संस्कृतीच आहे, आणि ती आपण निघताना बॅगेत भरायला विसरलो, असं मला कधी कधी वाटतं.

मतदान पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. नियमांचा कागद चहाच्या टेबलावर ठेवलाय, चकलीच्या डब्याशेजारी. एकच पान आहे, मागची बाजू कोरी. आपल्या समाजाबद्दल तुम्हाला खरंच जाणून घ्यावासा वाटणारा एखादा प्रश्न असेल तर तो तिथे लिहा. नाव लिहिलं नाही तरी चालेल.